कर्ज बाईच्या नावावर, सही नवऱ्याची

कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कुडाळ शाखेतल्या साहेबांनी माझी फाईल तिसऱ्यांदा माझ्याकडे सरकवून "वहिनी, मिस्टरांची सही राहिली आहे" असे सांगितले, तेव्हा 9 एप्रिल उजाडला होता आणि वेंगुर्ला तालुक्यातील आमच्या गावात काजू बीची आवक ऐन भरात होती. मला 60,000 रुपये हवे होते. 40,000 रुपयांची बी घ्यायची आणि उरलेल्या पैशांत उकडण्याचे भांडे व दोन कटर आणायचे, असा साधा हिशेब होता. आधार, पॅन, उद्यम नोंदणी, बँकेचे पासबुक हे सगळे माझ्याच नावावर असल्यामुळे कागदपत्रांचे काम दोन दिवसांत उरकले.

हे कर्ज लोकवर्गणीतून उभे राहणारे होते. जगभरातील माणसे संकेतस्थळावर कर्जदाराचा फोटो आणि चार ओळी वाचून थोडी थोडी रक्कम उसनी देतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 2005 साली सुरू झालेल्या कीवा या अशाच संकेतस्थळावर 25 डॉलरपासून पैसे देता येतात, आणि तेथील सुमारे 80 टक्के कर्जदार स्त्रिया आहेत. पैसे देणाऱ्याला व्याज मिळत नाही. आपल्या कर्जदारांकडून मात्र पैसे हातात देणारी स्थानिक संस्था व्याज घेते, हे फॉर्म भरण्यापूर्वीच समजून घ्यावे. मी ज्या संस्थेमार्फत कर्ज घेतले, तिचे आणि तिच्या संकेतस्थळाचे नाव मी मुद्दाम देत नाही.

आता त्या सहीविषयी. माझे यजमान भांडुपला कारखान्यात आहेत. शिमग्याला येऊन गेलेला चाकरमानी गणपतीपर्यंत पुन्हा येत नाही, हे कुडाळच्या शाखेत बसणाऱ्या माणसाला सांगावे लागू नये. कुरिअरने आलेली सही चालणार नव्हती. ती समक्षच हवी होती. कारण विचारल्यावर "उद्या तुम्ही माहेरी निघून गेलात तर?" असा प्रश्न आला. माझे माहेर त्याच गावातल्या वरच्या वाडीत आहे! रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे सूक्ष्मवित्त कर्ज 3 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय मिळते आणि हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाहीत. त्यामुळे यजमानांचा पगार विचारणे मला मान्य होते, आणि पगाराची पावती मी पहिल्याच दिवशी दिली होती. सही मात्र उत्पन्नासाठी नव्हतीच. आमच्या बचत गटातील एका विधवा बाईंना त्याच टेबलावर त्यांच्या एकोणीस वर्षांच्या, आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाची सही चालली. त्या मुलाच्या खिशात येण्याजाण्याचे भाडेही आईचेच होते.

उलट, शेजारच्या बंदरावरील एकाने होडीच्या इंजिनासाठी बायकोच्या नावावर कर्ज घेतले, ते एका फेरीत मंजूर झाले, कारण तो स्वतः सोबत होता. हप्ता किती आहे, हे त्या बाईंना आजही सांगता येत नाही. बांगलादेशातील स्त्रियांच्या कर्जांवर नियंत्रण प्रत्यक्षात कोणाचे असते, याचा 1996 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी नंतर वाचला, आणि मला ते बंदर आठवले.

सहीचा नियम लेखी द्यावा, असा अर्ज मी केला. उत्तर आले नाही. (अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, मी ती घेतली नव्हती.) फोनवर यजमान म्हणाले, "धंदो तुझो, हप्ते तू भरतलंस, मगे माझी सही कित्याक?" तरीही ते दोन दिवसांची मजुरी बुडवून रात्रीच्या गाडीने आले. सहीला चार मिनिटे लागली. 3 मे रोजी पैसे जमा झाले, तोवर चांगली बी गोव्याकडच्या व्यापाऱ्यांनी उचलली होती आणि मला मिळालेल्या बीतली बरीचशी वळवाच्या पावसात भिजलेली निघाली.

फोटोचे सांगायचे राहिले. साडी नेसून, सुपात काजूगर घेऊन थोडे हसायला सांगतात, तेवढे करावे. मजकूर मात्र वाचून मगच संमती द्यावी. माझ्या पानावर "पतीला हातभार लावण्यासाठी" असे लिहिले होते, ते मी "स्वतःच्या व्यवसायासाठी" असे करून घेतले. ते पान पैसे मिळाल्यानंतर तीन आठवड्यांनी संकेतस्थळावर झळकले आणि त्यावरची रक्कम दोन दिवसांत भरली. अशा कर्जांत बरेचदा स्थानिक संस्था रक्कम आधीच देऊन टाकते आणि देणाऱ्यांकडून ती नंतर भरून घेते. म्हणजे एका स्त्रीला उभे करायला उत्सुक असलेली ती दूरची माणसे मला एप्रिलमध्ये काहीच मदत करू शकली नसती. अडवणूक झाली ती कुडाळात, आणि त्यांच्या पडद्यावर ती दिसलीच नाही.

कर्जाचा तपशील मराठीत मागा. तो समजेल अशा भाषेत देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. मुदतीपूर्वी फेडल्यास दंड लागत नाही, म्हणून मी चौदा महिन्यांचे कर्ज अकरा महिन्यांत फेडले. दुसऱ्या कर्जाचा अर्ज या वेळी डिसेंबरातच दिला आहे. सहकर्जदाराच्या, म्हणजे त्या सहीच्या, रकान्यात मी "लागू नाही" असे लिहिले आहे, आणि पोच घेतली आहे.