‘फ्लेअर नको’

रेडिओवर मी सगळ्यांना ‘तू’ म्हणतो. खाली जमिनीवर जे ‘सर’ असतात, ‘ताई’ असतात, माझ्या वडिलांच्या वयाचे असतात, ते पॅराशूटच्या छत्रीखाली लटकले की एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. नावं घेत नाही, कारण एका लोडमध्ये, म्हणजे विमानाच्या एका फेरीत, एकाच नावाचे दोघे निघाले तर दोघंही एकदम डावीकडे वळतात. आणि ‘वळा’पेक्षा ‘वळ’ आखूड. उद्धटपणा नाही, हिशोब आहे.

पहिल्यांदा एकट्याने उडी मारणाऱ्यांना खालून बोलून उतरवायचं, हे माझं काम. साडेतीन हजार फुटांवर ते विमानाबाहेर पडतात, विमानाला अडकवलेली स्टॅटिक लाइन त्यांची छत्री ओढून काढते, आणि पुढची तीनेक मिनिटं ते माझे. रेडिओ एकतर्फी. मी बोलतो, ते बोलू शकत नाहीत. ‘ऐकू येत असेल तर पाय हलव’ म्हटलं की वर आभाळात दोन पाय सायकल मारल्यासारखे हलतात. तेवढंच काय ते उत्तर.

बघायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: छत्री उघडलीच नाही तर? त्यावर मी न कंटाळता सांगतो. पाठीवर दुसरी, राखीव छत्री असते. हात कामाला आले नाहीत तरी ठरावीक उंचीखाली वेग जास्त राहिला तर ती आपोआप उघडणारं यंत्र असतं. ‘सायप्रेस’ नावाचं जर्मन यंत्र १९९१ पासून हेच करतंय. लोक मान डोलावतात आणि निर्धास्त होतात. खरी गोष्ट कोणी विचारत नाही. आमच्याकडची बहुतेक हाडं मोडतात ती नीट उघडलेल्या, काहीही न बिघडलेल्या छत्रीखाली, शेवटच्या काही सेकंदांत.

त्या सेकंदांत करायचं असतं ते फ्लेअर. जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही टॉगल, म्हणजे छत्री वळवायच्या दोन हातातल्या मुठी, एकदम खाली, पूर्ण. छत्रीचा पुढे जाण्याचा वेग क्षणभर उचल होऊन परत मिळतो आणि माणूस पायरी उतरावी तसा उतरतो. हे एकदाच मिळतं. वीस फुटांवरच ओढलंत तर छत्री हवेत थबकते. तिथेही काही बिघडलेलं नसतं. हात होते तिथे धरून ठेवायचे, पाय जोडायचे आणि कुशीवर लोळण घ्यायची. पण माणूस घाबरतो आणि हात वर सोडतो. मग छत्री गेलेला वेग परत मिळवायला पुढे बुडी मारते, खालचा माणूस लंबकासारखा झुलतो आणि जमीन लागते ती नेमकी झोक्याच्या तळाला.

लोळणीचा सराव आम्ही सकाळी लाकडी ओट्यावरून उड्या मारून घेतो. पाऊल, पोटरी, मांडी, कुल्हा, पाठीची कड, या क्रमाने जमिनीला टेकायचं. सगळ्यात जास्त जांभया याच तासाला येतात. विमानाच्या दारात फोटो काढू देणार का, हे मात्र प्रत्येक बॅचमध्ये तीनदा विचारलं जातं.

रेडिओवर येणाऱ्या नव्या मुलांना मी दोन गोष्टी घोकून घेतो. पहिली: बटण दाब, श्वास घे, मग बोल, नाहीतर पहिला शब्द हवेत जातच नाही. दुसरी: ‘नको’ म्हणायचं नाही. काय करायचं नाही ते सांगू नये, काय करायचं ते सांगावं. आपल्या भाषेत नकार मागून येतो. ‘वळू नकोस’ म्हटलं की आधी ‘वळू’ पोचतं आणि घाबरलेला माणूस वळतो. ‘नकोस’ पोचेपर्यंत वळून झालेलं असतं. आणि ‘फ्लेअर’ हा शब्द तर रेडिओवर माणसामागे एकदाच उच्चारायचा, ज्या क्षणी ओढायचं त्या क्षणी. इतर वेळी तो तोंडातून निघताच कामा नये. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की पोरं माझी नक्कल करतात.

त्या दिवशी चौथा लोड होता आणि वारा पडला होता. वारा पडला की बघणारे म्हणतात, वा, छान शांत झालं. आम्हाला ते आवडत नाही. समोरून वारा असला की तो छत्रीचा वेग खातो. वारा नसला की सगळा वेग घेऊन माणूस जमिनीवर येतो.

एक नंबर आणि दोन नंबर नीट उतरले. तीन नंबर म्हणजे सेहेचाळीस वर्षांच्या ताई. सकाळच्या वर्गात सगळ्यात व्यवस्थित वही त्यांची. शेवटचं वळण सुरेख घेतलं. मग साठेक फुटांवर त्यांनी मान खाली घातली. क्षितिजाकडे बघायचं सोडून माणूस पायांखाली बघायला लागला की जमीन अंगावर धावून येतेय असं वाटतं, आणि हात आपोआप खाली सरकतात. त्यांचे सरकायला लागले. छातीपर्यंत आले.

मी म्हणायला हवं होतं, ‘हात वर.’ दोन शब्द.

मी म्हणालो, ‘आत्ता फ्लेअर नको.’

त्यातला ‘आत्ता’ बटणाने खाल्ला. ‘फ्लेअर’ स्वच्छ गेला, आणि त्या शब्दावर त्यांचे दोन्ही हात पार खाली आले, सकाळी शिकवलं होतं तसे, न कचरता. छत्री वर थबकली. मी ओरडलो, ‘धर, तसंच धर!’ हे बरोबर होतं, पण तोवर माझं ‘नको’ पोचलं असावं. त्यांनी हात सोडले.

ताठ पायांवर आल्या. टाचा आधी, मग धपकन बसल्या.

मी पळालो. माझ्याआधी आमचा पॅकिंगवाला पोरगा पळाला, आणि तो ताईंकडे गेला नाही. तो सरळ त्यांच्या पलीकडे छत्रीवर जाऊन पडला. पडला वारा पुन्हा कधी उठेल सांगता येत नाही. छत्री फुगली तर जखमी माणसाला फरफटत नेते. मग त्याने आधी आरएसएलची कडी सोडवली आणि नंतरच लाल हँडल ओढून छत्री वेगळी केली. हा क्रम महत्त्वाचा. आरएसएल म्हणजे मुख्य छत्री सुटली की राखीव छत्री खेचणारी पट्टी. ती लावलेली ठेवून हँडल ओढलं आणि वाऱ्याने सुटती छत्री खेचली, तर पडलेल्या माणसाच्या पाठीवरच राखीव छत्री स्प्रिंगसकट उसळू शकते. खांद्यावरच्या तीन कड्या खळकन सुटल्या. पॅराशूट बनवणाऱ्या बिल बूथने १९७० च्या दशकात काढलेली ही युक्ती: एकात एक अडकवलेल्या तीन कड्या ताण वाटून घेत उतरवत नेतात, म्हणून शेवटी एक बारीक दोरीचा फास अख्ख्या माणसाचा भार धरतो आणि हाताच्या एका ओढीने सुटतो. त्या मैदानावर त्या दिवशी एकाच माणसाने सगळं बरोबर केलं, आणि त्याच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही.

मी पळता पळता ओरडत होतो, ‘ताई, उठू नका! उठू नका!’

ताई उठायला लागल्या.

हसत होत्या. ‘काही नाही हो, मस्त झालं! टाच तेवढी दुखतेय.’ मुख्य प्रशिक्षकही तोवर आले. ‘टाच ना? या, धरा मला. जागा मोकळी करू, लोड येतोय.’ लोड येतोय हे खरं होतं. मैदानात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर नवखी छत्री येणं हाही अपघातच. पण वैमानिकाला एक घिरटी जास्त मारायला सांगणं माझ्याकडच्या दुसऱ्या रेडिओचं काम होतं. तो रेडिओ माझ्या कमरेला होता. सर वीस वर्षं हे काम करतायत, टाचा मुरगळलेली शेकडो माणसं त्यांनी अशीच बाजूला नेलीत, आणि त्यांच्या आवाजात एक अशी खात्री असते की समोरचा आपोआप हलतो. मीही हललो. एक हात त्यांच्या खांद्यावर, एक माझ्या, ताई लंगडी घालत बाकापर्यंत आल्या. चाळीस पावलं. प्रत्येक उडीला त्या धपकन एका पायावर येत होत्या.

बाकावर मी बुटाची नाडी पूर्ण सैल केली, जीभ बाहेर ओढली, बूट टाचेकडून हळू काढला. टाच रुंद दिसत होती. दुसऱ्या पायाशी ताडून बघितलं, नक्की रुंद. घोट्याच्या हाडांवर दाबलं, काही नाही. टाच दोन्ही बाजूंनी तळव्यात धरून दाबली तर त्यांच्या तोंडून आवाज फुटला. घोटा मुरगळलेला माणूस असा ओरडत नाही.

इथे माझ्या डोक्यात उशिरा का होईना घंटा वाजली. टाचेचं हाड बहुतेकदा उंचावरून सरळ पायांवर आल्याने फुटतं, आणि तोच धक्का तसाच वर कण्यात जातो. टाच फुटलेल्या दहांतल्या एकाचा कणाही मोडलेला असतो, म्हणून टाच बघितली की पाठ बघायची. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

मी विचारलं, ‘पाठ दुखत नाही ना?’

‘नाही.’

आता बघा प्रश्न. त्याला दुसरं उत्तरच नव्हतं. भला माणूस, आधीच सगळ्यांना त्रास दिल्यासारखं वाटणारा, अंगात उडीची नशा अजून उतरलेली नाही, आणि मी त्याला ‘नाही ना?’ विचारतोय.

तरी हात गेला. मणक्यांवरून अंगठा एकेक करत खाली आणला. मानेत नाही, खांद्यांमध्ये नाही. शेवटच्या बरगडीच्या पातळीवर आलो आणि ताईंनी श्वास आत घेतला. बोलल्या नाहीत. पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. त्याच जागी पुन्हा श्वास.

छातीचा मणका संपून कमरेचा सुरू होतो तो सांधा. वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला, खालचा मोकळा. धक्का तिथेच फुटतो.

मग सगळं पुस्तकाप्रमाणे झालं, ते आधीच व्हायला हवं होतं. हार्नेसच्या पट्ट्या बसल्या जागी सोडवल्या, चौघांनी धरून, कंबर न वाकवता आडवं केलं. डोक्याशी मी. ‘तीन म्हणताना की तीन म्हटल्यावर?’ असं पोराने विचारलं, आणि मला त्याचा मुका घ्यावासा वाटला. ठरवून घेतलं: ‘उचल’ शब्दावर. पायाची बोटं हलवायला लावली, दोन्ही पायांनी माझे तळवे ढकलायला लावले, मांड्यांच्या आतल्या बाजूला, खोगिरावर बसताना टेकतो त्या भागात बधिर वाटतंय का विचारलं. सगळं ठीक होतं. पाणी मागत होत्या, ऑपरेशन लागू शकतं म्हणून दिलं नाही. त्यांची मुलगी माझ्याशी भांडली, आईला घोटभर पाणी देत नाही म्हणून. तिचं बरोबर होतं, माझंही.

सीटीमध्ये कमरेचा पहिला मणका फुटलेला निघाला. तुकडे मज्जारज्जूच्या बाजूला सरकलेले, पण लागलेले नाहीत. किती अंतर राहिलं होतं ते डॉक्टरांनी बोटांच्या चिमटीने दाखवलं. पाठीला पट्टा लावला. टाचेचं ऑपरेशन सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत लांबलं, दहा-बारा दिवस. ताई चालणार आहेत. हे सगळे मला येऊन सांगतात, पाठीवर थाप मारतात, वेळेत ओळखलंस म्हणतात. चाळीस पावलांचं कोणी बोलत नाही, कारण ती कोणी मोजली नाहीत.

मुलीने कुंपणाबाहेरून व्हिडिओ काढला होता. प्रेक्षकांच्या टेबलावर आमचा एक जास्तीचा रेडिओ असतो, लोकांना गंमत म्हणून ऐकायला. त्यामुळे त्यात माझा आवाज आहे. ‘…फ्लेअर नको.’ मी तो थांबवत थांबवत पाहिलाय. हात हलतात तेव्हा ‘नको’ अजून सुरू झालेलं नाही.

अपघाताच्या फॉर्मवर ‘कारण’ म्हणून चौकोन आहेत: हवामान, साहित्य, विद्यार्थ्याची चूक, इतर. सरांनी तिसऱ्यावर खूण करून ठेवली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘फ्लेअर अवेळी, वरून.’ ते खोटं नाही. मी खाली सही केली. व्हिडिओ मी त्यानंतर पाहिला, असं मी स्वतःला सांगतो. पण काय बोललो ते ऐकायला मला व्हिडिओची गरज नव्हती.

गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. विम्यासाठी फॉर्मची प्रत हवी होती. आवाज तसाच, हसरा. जाता जाता म्हणाल्या, ‘माझंच चुकलं ना? तुम्ही एवढं शिकवलं होतं. पण मला वाटलं, तुम्ही फ्लेअर म्हणालात.’

‘म्हणालो होतो,’ मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, ‘मग फॉर्मवर तसं लिहिलंय का?’

काल रात्री प्रत काढली. सहीच्या खाली जागा नव्हती, म्हणून समासात आडवं लिहिलं: रेडिओवर उच्चारलेले शब्द, त्यांचा क्रम, आणि चाळीस पावलं. एक प्रत ताईंना पाठवली. दुसरी सरांच्या टेबलावर ठेवलीय. ते सोमवारी येतात.