दोन पावलं

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसले. संदीप केव्हाच घोरायला लागलाय. भांडी सिंकमध्ये तशीच आहेत. राहू देत.

मनू काल जे बोलली ते अजून टोचतंय. बोलली म्हणजे अगदी सहज, कोटाची चेन लावता लावता. न्यूयॉर्कच्या वॉल्टर कर थिएटरमधून 'हेडस्टाउन' बघून बाहेर पडलो, ४८ व्या रस्त्यावर ही गर्दी, आणि ही म्हणते, "आई, तू असतीस ना, तर दोन पावलं टाकून मागे वळली असतीस." आणि हसली. मीही हसले. तिची रूममेट पण हसली, तिला मराठीचा म कळत नाही तरी. मग पिझ्झा खाल्ला आणि मी पेन स्टेशनला येऊन मेट्रोपार्कची गाडी पकडली. गाडीत लक्षात आलं की आपल्याला लागलंय.

वाईट याचं वाटतं की नाटक इतकं सुंदर झालं आणि मी दिवसभर त्या एका वाक्याशी भांडतेय.

'हेडस्टाउन' म्हणजे ब्रॉडवेवरचं संगीत नाटक, पाताळात गेलेल्या युरिडिसीला परत आणायला निघणाऱ्या ऑर्फियसची ग्रीक गोष्ट. त्याची गाणी मी ऑफिसला जाता-येता इतकी ऐकलीयेत की मूळ संचात हेडीज, म्हणजे पाताळाचा राजा, झालेल्या पॅट्रिक पेजचा तो खर्ज लागला की संदीप म्हणतो, आला तुझा यम. शेवट अर्थातच माहीत होता. तो दोन हजार वर्षं सगळ्यांनाच माहीत आहे, रोमन कवी व्हर्जिलने लिहिलाय, ओव्हिडने लिहिलाय. वर हर्मिस, ग्रीक देवांचा दूत, पहिल्याच गाण्यात सांगून मोकळा होतो की बाबांनो, ही रडकी गोष्ट आहे आणि तरी आम्ही ती गाणार आहोत. हा हर्मिस म्हणजे आपला सूत्रधारच. येतो, एकेका पात्राची ओळख करून देतो, वादकांशी सलगी करतो. वादकही खाली खड्ड्यात लपलेले नाहीत, रंगमंचावरच मांडून बसलेले. नांदीला बसल्यासारखं वाटलं मला. नाना असते तर त्या ट्रॉम्बोनवाल्याला नक्की वन्स मोअर मिळाला असता.

आणि ते दिवे! ऑर्फियस खाली पाताळात जायला निघतो तेव्हा मोठे दिवे वरून सुटतात आणि झोके घेत थेट प्रेक्षकांच्या डोक्यावर येतात. मी खुर्चीत मागे सरकले. मनू पुढे सरकली. हे तेव्हाच लक्षात आलं होतं, आत्ता उगाच जास्त आठवतंय.

तर ते चालणं. हेडीजने अट घातलीय की ऑर्फियसने पुढे चालायचं, युरिडिसीने मागून, आणि वर उजेडात पोचेपर्यंत त्याने वळून बघायचं नाही. बघितलं तर ती कायमची खाली. रंगमंच फिरता आहे, एकात एक चकत्या. तो चालतोय, चालतोय, आणि आहे तिथल्या तिथेच आहे. त्या तिघी नियती त्याच्या कानाशी लागलेल्या. मागून ती गातेय, मी इथेच आहे म्हणून. आपल्याला स्वच्छ ऐकू येतं. त्याला येत नाही. माझ्या पुढे एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, मध्यंतरात बायकोशी बेसबॉलबद्दल बोलत होते. तो वळला आणि हे गृहस्थ चक्क मोठ्याने "नो" म्हणाले. साऱ्या थिएटरचा श्वास अडकला. मग मधली चकती तिला घेऊन खाली जाते. सावकाश. ती त्याच्याकडे बघत राहते.

मी त्याच्या बाजूने होते. अजून आहे. मनूचं म्हणणं, फक्त चालायचं होतं, एवढंही जमलं नाही? पण बाळा, त्याला ऐकू येत नव्हतं. मागे कोणी आहे की नाही हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. आणि अट घालणारा कोण, तर ज्याने आधी तिच्याकडून करारावर सही घेतली तो. अशा माणसाच्या शब्दावर न वळता चालत राहायचं, याला विश्वास म्हणायचं? असो. हे मी पिझ्झा खाताना बोलायला हवं होतं. तेव्हा मी "ऑलिव्ह नको" एवढंच बोलले.

दोन पावलं! म्हणजे निदान चार तरी म्हणायची.

मला माहितीये ती कशाबद्दल बोलत होती. फोन उचलला नाही की मी पुन्हा लावते. फोनमध्ये तिचा तो निळा ठिपका बघते, हो, बघते. ठिपका रात्री ब्रुकलिनमध्ये स्थिर झाला की मी दिवा मालवते. आमच्याच फॅमिली प्लॅनवर आहे, ठिपका बंद करता येतो, तिने केलेला नाही. मग मी बघू नको तर काय करू? पहिलीत असताना शाळेची बस कोपऱ्यावर वळेपर्यंत मी थंडीत उभी राहायचे आणि तीही मागच्या काचेतून बघत असायची. तेव्हा दोघीही वळूनच बघत होतो की. ते विसरायचं आणि आता सगळ्यांदेखत हसायचं. रूममेटदेखत.

जाऊ दे. कोणासाठी करतो आपण हे सगळं, असले प्रश्न रात्री विचारू नयेत.

मडकं फोडल्यावर मागे वळून बघायचं नाही म्हणतात. आप्पांच्या वेळी मी इथेच होते, व्हिडिओवर. तो विषय आज नको.

कोल्लूरची गोष्ट मात्र दुपारपासून आठवतेय. लहानपणी कारवारहून जायचो आम्ही मूकांबिकेला आणि प्रत्येक खेपेला आजी तीच सांगायची. देवी शंकराचार्यांच्या मागून चालायला तयार झाली. अट हीच, मागे बघायचं नाही. ते पुढे, मागून पैंजणांचा आवाज. छुम छुम छुम, आजी अंगठी पितळेच्या तांब्यावर वाजवून दाखवायची. कोल्लूरला आल्यावर आवाज थांबला. शंकराचार्य वळले. देवी म्हणाली, वळलास ना, आता मी इथून पुढे येत नाही.

अट तीच, चूकही तीच. आणि पुढे काय झालं? देऊळ झालं! देवी जिथे थांबली तिथेच राहिली. आता लोक रांगा लावून दर्शन घेतात, प्रसाद घेतात. शंकराचार्यांना कोणी म्हटलं नाही की काय हो, एवढंही जमलं नाही? मला तर लहानपणी वाटायचं की देवीला ती जागा आधीच पसंत पडली असणार आणि तिनेच मुद्दाम पैंजण थांबवले. आत्ताही तसंच वाटतं. जिला थांबायचं असतं ती थांबते, वळणाऱ्याच्या नावावर खपतं. मनूनेही ब्रुकलिनची खोली मला सांगायच्या आधीच घेतली होती. वर म्हणाली, तू इतकं विचारतेस म्हणून सांगितलं नाही.

दुपारी आणखी एक उद्योग केला. नाटकात पर्सेफोनी आहे, हेडीजची बायको. सहा महिने वर, सहा महिने खाली, आणि वर येताना हातात दारू. मला सगळ्यात आवडली ती. तिची आई कुठे आहे हा प्रश्न मला काल पडलाच नव्हता, आज पडला. गाण्यात फक्त एवढंच येतं की हेडीजने तिला तिच्या आईच्या हिरव्या शेतात पाहिलं. संपलं. आईचा उल्लेख शेताची मालकीण म्हणून. जशी मी तिच्या इमर्जन्सी काँटॅक्टच्या रकान्यात असते.

मग ते ग्रीक कवी होमरच्या नावावरचं जुनं स्तोत्र शोधून वाचलं, डिमीटरचं, म्हणजे पर्सेफोनीच्या आईचं, धान्याच्या देवीचं. बाई काय आहे! लेकीची किंकाळी ऐकू आली तशी डोक्यावरचं वस्त्र फाडलं, हातात मशाली घेऊन नऊ दिवस वणवण. अन्नाचा कण नाही, अंगावर पाणी नाही. कोणी खरं सांगेना. शेवटी सूर्याने सांगितलं की हेडीजने नेली, आणि वर तिलाच समजावलं की जावई तसा काही वाईट नाही. (हा सूर्य आमच्या वन्संच्या ओळखीचा असावा.) मग तिने पृथ्वीवर दाणा उगवू दिला नाही. देवांचेही नैवेद्य बंद पडायची वेळ आली तेव्हा देवांचा राजा झ्यूसने हर्मिसला खाली धाडलं. तोच हा हर्मिस, जो काल चंदेरी सूट घालून गात होता आणि या सगळ्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

आणि लेक परत येते. रथातून उडी मारून आईच्या गळ्यात पडते. मिठी चालू असतानाच आईच्या मनात शंका येते, ती मिठी सोडते आणि विचारते, खाली असताना काही खाल्लं नाहीस ना?

मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. संदीपने बाहेरून विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

मृत्यूच्या घरून मुलगी परत आलीय आणि देवी विचारतेय, काय खाल्लंस! अर्थात कारण तसंच होतं, तिथलं खाल्लं की तिथे परत जावं लागतं, आणि पोरीने डाळिंबाचा दाणा खाल्लेलाच होता. वर्षाचा तिसरा हिस्सा खाली, बाकीचा आईकडे. या नाटकाने निम्मं-निम्मं केलंय. आईला विचारलं असतं तर तिने कबूल केलं नसतं.

म्हणजे वळून बघणं आमच्या धंद्यातच आहे. देवी असून तिला सुटलं नाही.

आणि ही अनाइस मिचेल घ्या, या नाटकाचं संगीत, गीतं, संहिता सगळं एकटीने लिहिणारी. २००६ मध्ये व्हरमाँटमध्ये गावातल्या लोकांना घेऊन हे पहिल्यांदा केलं. २०१० ला त्याचा अल्बम, २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये छोट्या थिएटरात, मग एडमंटन, मग लंडन, आणि १७ एप्रिल २०१९ ला ब्रॉडवे. तेरा वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा उघडून बघतेय, ओळी बदलतेय, पुन्हा बघतेय. तिला कोणी दोन पावलांवरून टोमणा मारला नाही. तिच्या नाटकाला आठ टोनी पुरस्कार दिले.

मला एकही नको. रूममेटसमोर हसू नये, एवढंच.

खरं तर मनूने तिकीट स्वतःच्या पैशाने काढलं होतं. माझा वाढदिवस तिला संदीपने आठवण न करता लक्षात होता. शेवटी कलाकार पुन्हा येऊन पेले उंचावून ऑर्फियससाठी गातात, तेव्हा तिने माझा हात धरला होता. हे मी वर लिहिलंच नाही. रागाच्या भरात राहून गेलं.

शनिवारी येणार आहे म्हणाली, धुवायचे कपडे घेऊन. खाली वॉशर बिघडलाय म्हणे, तो नेहमीच बिघडलेला असतो. कॉस्टकोतून डाळिंबं आणून ठेवलीयेत, सोलून डबा भरून ठेवते. जिथे खाल्लं तिथे परत यावं लागतं, हा नियम आमच्या घरालाही लागू असायला हरकत नाही. म्हणजे मग मी डिमीटर राहिले नाही, हेडीज झाले. चालेल. त्याचा आवाज छान आहे.

भांडी उद्या संदीप घासेल.