शिवलेल्या वस्तूची आतली बाजू

हाताने शिवलेले कपडे आणि कापडी पिशव्या ऑनलाइन विकायला लागल्यापासून माझे सर्वांत जास्त लक्ष आतल्या बाजूकडे असते. घरातल्या माणसासाठी शिवलेल्या शर्टाची कड उसवली, तर संध्याकाळी पुन्हा टीप घालता येते. पण ज्या ग्राहकाने ती वस्तू फक्त पडद्यावर पाहून पैसे भरले आहेत, त्याला कापड चिमटीत धरून पाहण्याची किंवा शिवण ताणून बघण्याची संधीच मिळालेली नसते, आणि म्हणून ती खात्री आपणच आधी करून द्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

याची सुरुवात कात्री लावण्याआधी होते. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटू शकते, म्हणजे 100 सेंटिमीटर घेराचा शर्ट ग्राहकाच्या घरी एका धुण्यात एक माप लहान होऊ शकतो. त्यामुळे कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणि उभा धागा नीट तपासूनच मी बेतते. पातळ कापडासाठी मला दुहेरी बंद शिवण सर्वांत आवडते. 1.5 सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीसाठीचे जादा कापड, सोडायची, कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून काठापासून 6 मिलिमीटरवर पहिली टीप घालायची, माया 3 मिलिमीटरपर्यंत छाटायची, मग कापड उलटवून, कड नखाने दाबून, 9 मिलिमीटरवर दुसरी टीप घालायची. कापडाचे कापलेले काठ आतल्या आत बंद होतात आणि एकही धागा बाहेर डोकावत नाही. या शिवणीला इंटरलॉकपेक्षा, म्हणजे यंत्राने काठावर दोरा गुंफण्यापेक्षा, वेळ जास्त लागतो, पण शर्ट उलटा करून पाहिला की तो वेळ कुठे गेला ते दिसते. पिशवीचे बंद जोडताना मात्र जाड सुई, म्हणजे 100 क्रमांकाची, आणि चौकोनात फुली मारलेली टीप हवीच, कारण सगळे वजन त्याच चार बोटांच्या जागेवर येते.

छायाचित्रांतही हेच दिसायला हवे. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एक छायाचित्र पूर्ण वस्तूचे आणि एक उलट्या बाजूच्या शिवणीचे जवळून घ्यावे. मापे देताना ती अंगाची आहेत की तयार कपड्याची, हे स्पष्ट लिहिणे फार आवश्यक आहे: 92 सेंटिमीटर छातीसाठी शिवलेला सैल शर्ट 104 सेंटिमीटरचा असू शकतो, आणि परत येणाऱ्या कपड्यांमागे बऱ्याचदा हाच गोंधळ असतो.

किंमत ठरवताना कापड, दोरा आणि बटणे सगळेच धरतात. बेतणे, इस्त्री, छायाचित्रे, ग्राहकांना उत्तरे आणि पॅकिंग यांत गेलेला वेळ मात्र हिशेबातून निसटतो. एट्सीसारख्या संकेतस्थळावर वस्तू मांडण्याचे, विक्रीचे आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क वेगवेगळे लागते, तेही त्यातच धरावे. स्वस्त तयार कपड्यांच्या किमतीशी आपली किंमत जुळवण्याचा आग्रह मला चुकीचा वाटतो, कारण त्यात कापले जातात ते शिवणाऱ्याच्याच मजुरीचे पैसे. त्यापेक्षा वस्तूंचे प्रकार मोजके ठेवावेत, प्रत्येकाचा कागदी साचा जपून ठेवावा आणि त्यावर मापांसोबत शिवायला लागलेला वेळही लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या मागणीच्या वेळी किंमत अंदाजाने सांगावी लागत नाही.