तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी सोडताना

'डिप्रेशनची गोळी कमी केली तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. म्हणजे आजार परत आला का?' माझ्या आजाराबद्दल मी फोंड्यात उघड बोलते, म्हणून हा प्रश्न मला लग्नात, बसमध्ये, कुठेही गाठतो. विचारणारा आवाज खाली आणतो. बांबोळीच्या मनोरुग्णालयातल्या ओपीडीत ओळखीचं कुणी दिसलं की दोघंही खांबाकडे बघतात ना, तसं.

बहुधा नाही. पण कधी सुरू झालं ते आधी सांगा. गोळी कमी केल्यावर दोन-चार दिवसांतच सुरू झालं असेल आणि त्यात आजारात कधी नव्हतं असं काही असेल, म्हणजे मळमळ, घाम, भलतीसलती स्वप्नं, ते करंट, तर तो बहुतेक गोळी सुटण्याचा त्रास. आजार उलटतो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू पाय पसरत.

करंट दुखत नाही. नजर बाजूला गेली की डोक्यात 'झ्झट्' होतं आणि क्षणभर सगळं अडकतं. तिस्कावर रस्ता ओलांडताना उजवीकडे बघितलं की एक, डावीकडे बघितलं की दुसरा. शेवटी मी डोळे न फिरवता अख्खी मान वळवायला लागले, तर भाजीवाली म्हणाली, मान धरलीय का बाय? त्या दिवसांत स्कूटर बंद, पणजीला कदंब बसनेच.

मी घेत होते पॅरोक्सेटिन. ती साधारण दिवसभरात शरीरात अर्धी होते, म्हणून सोडताना छळते. व्हेन्लाफॅक्सिन ही डिप्रेशनचीच दुसरी गोळी त्याहून लवकर उतरते. सकाळची चुकली तर काहींना संध्याकाळीच कळतं. फ्लुओक्सेटिन, तीही डिप्रेशनचीच, मात्र कित्येक दिवस रेंगाळते, तिचा जाच कमी.

माझं 20 मिलिग्रॅमवरून 10 सहज झालं, 10 वरून 5 देखील. 5 वरून शून्यावर आले आणि चतुर्थीच्या आरतीत, 'सुखकर्ता'च्या दुसऱ्या कडव्याला, हमसून रडू फुटलं. वहिनी कानाशी म्हणाली, "बघ, परत सुरू झालं." डॉक्टरांनी पुन्हा 5 वर नेलं आणि दोन-तीन दिवसांत सगळं ओसरलं. उलटलेला आजार इतक्या झटपट ओसरत नाही, हे वहिनीला अजून पटलेलं नाही.

शेवटचा तुकडाच का नडतो? मेंदूवरचा बराचसा परिणाम छोट्या डोसातच झालेला असतो. 20 चे 10 केले तर त्यातला थोडाच जातो. 5 चे शून्य केले तर उरलेला सगळा एकदम. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी 2019 मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं: डोस जितका खाली, तितकी पुढची पायरी लहान. होरोविट्झ स्वतः मानसोपचारातले डॉक्टर, आणि त्यांनी या गोळ्या स्वतः घेतलेल्या आहेत. माझा विश्वास तिथे बसला. मग डॉक्टरांना विचारून गोळी कापायची डबी आणली आणि 5 च्या खालचं अंतर महिने लावून उतरले. (सावकाश विरघळणाऱ्या, सीआर लिहिलेल्या गोळ्या कापायच्या नसतात.)

'म्हणजे व्यसनच की!' असंही ऐकते. व्यसनात तल्लफ येते. मला पॅरोक्सेटिनची कधी आली नाही. फेणीची येणारे आमच्या वाड्यावर पुष्कळ आहेत, त्यांना विचारा. शरीर गोळीला सरावतं, तेवढं खरं.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या घाबरेपणावरच्या, झोपेसाठीच्या गोळ्यांना मात्र माझा अनुभव लावू नका. त्यांची सवय खरोखर लागते, आणि नेहमी घेणाऱ्याने एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते. मूडच्या चढउतारांवरचं लिथियमही आपल्या मनाने सोडायचं नाही. आणि जीव नकोसा वाटायला लागला तर हे गोळीमुळे की आजारामुळे, याचा हिशेब मांडत बसू नका. डॉक्टरांना तेव्हाच गाठा. रात्री-अपरात्री कुणी मिळालं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, पैसे पडत नाहीत.