खवट दाणे आणि केशरी गोळी

"मॅडम, ही अँटीऑक्सिडंटची गोळी रोज घेतली तर चालेल ना?" मेडिकल कॉलेजात बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात कुठेही हा प्रश्न मला गाठतो. परवा तळमजल्यावरच्या काकांनी विचारला. शर्टाच्या एकाच खिशात केशरी गोळ्यांची स्ट्रिप आणि सिगारेटचं पाकीट. "शरीरातला गंज निघतो म्हणे." नको, एवढंच सांगून सुटता आलं असतं. पण त्यांनी गंजाचा विषय काढला आणि मला राहवलं नाही.

गंजापेक्षा मला खवट दाणे जवळचे वाटतात. पावसाळ्यात झाकण नीट न लागलेल्या डब्यातले शेंगदाणे आठवा. एकच खवट दाणा दाताखाली येतो आणि मूठभर दाण्यांची चव जाते. दाण्यातल्या तेलाच्या एका रेणूमधून हायड्रोजनचा अणू निसटतो. अर्धवट राहिलेला तो रेणू (अशाला रॅडिकल म्हणतात) ऑक्सिजन धरतो आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून स्वतः शांत होतो. आता शेजारी अर्धवट. खो-खोच आहे हा: खो देणारा बसतो, ज्याला मिळाला तो उठून पळतो. आपल्या पेशींचं आवरणही अशाच स्निग्ध रेणूंचं असतं आणि तिथेही हाच खेळ चालतो. ई जीवनसत्त्व म्हणजे खो मिळूनही न पळणारा गडी. त्याच्यापाशी साखळी तुटते. अशा गड्याला अँटीऑक्सिडंट म्हणतात. तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरात "अँटीऑक्सिडंट (३१९)" लिहिलेलं असतं, तेही याच कामासाठी.

पहिला खो देतं कोण? बराचसा आपला श्वासच. मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यात, अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी होतं. काही वाटेतच सटकतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड बनवतात. त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि त्याला मोकळं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा सगळ्यांत आततायी, समोर येईल त्याला धरतो. मग डीएनए म्हणू नका, प्रथिनं म्हणू नका. सिगारेटचा धूर, सतत चढी राहणारी साखर, जुनी सूज यांनी ही आवक वाढते, शरीराची आवरासावर मागे पडते, आणि त्या तफावतीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

आवरासावर मात्र जबरदस्त असते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी कच्च्या बटाट्याच्या चकतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकून दाखवायची. लगेच फसफसून पांढरा फेस येतो. ते कॅटलेज नावाच्या एन्झाइमचं काम. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतो. जखमेवर हेच औषध टाकल्यावर येणारा फेसही आपल्या रक्तातल्या कॅटलेजचा. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करणारं एन्झाइम सुपरऑक्साइड डिसम्युटेज, १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी उलगडली. ही यंत्रणा घरचीच आहे, स्ट्रिपमध्ये मिळत नाही.

म्हातारपण या रॅडिकल्समुळेच येतं, अशी मांडणी अमेरिकन शास्त्रज्ञ डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये केली आणि त्यातून गोळ्यांचा बाजार उभा राहिला. पण शरीर हेच रेणू मुद्दाम बनवतंही. पांढऱ्या पेशी जंतू गिळल्यावर त्याच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात. हे करणारं एन्झाइम ज्या मुलांत जन्मतः बिघडलेलं असतं, त्यांना बुरशीचे आणि जिवाणूंचे संसर्ग पुन्हा पुन्हा गाठतात. त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. सरसकट पुसून टाकण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

आणि काकांसाठी खास गोष्ट फिनलंडची. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (गाजरातलं केशरी रंगद्रव्य, तेही अँटीऑक्सिडंटच), काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती दिखाऊ गोळी. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी, धूम्रपान करणाऱ्यांबरोबर ॲस्बेस्टॉसच्या कामगारांनाही घेतलेली, १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तिथेही कर्करोग वाढलेलाच.

म्हणून सगळ्याच गोळ्या फेकायच्या असंही नाही. पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेने यकृतातलं ग्लुटाथायोन, म्हणजे शरीराचं घरचं अँटीऑक्सिडंट, संपतं तेव्हा ते पुन्हा भरून काढणारं एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध जीव वाचवतं. वयामुळे डोळ्याचा पडदा खराब होत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर ठरावीक मिश्रण देतात, ते बंद करू नका. पण तिथेसुद्धा पुढे बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन वापरायला लागले, ते धूम्रपान करणाऱ्यांच्या काळजीपोटीच. आवळा, पेरू, पालेभाजी खुशाल खा, त्याबद्दल माझं भांडण नाही.

काकांची स्ट्रिप मागून घेतली, चष्मा लावला. तिसऱ्या ओळीत बीटा कॅरोटीन. बोट ठेवून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, "बरं झालं सांगितलंत" म्हणाले, आणि स्ट्रिप परत त्याच खिशात ठेवली.