कॅमेरा घरी शिका, आवाजासाठी वर्गाला जा

लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळी सातला फिल्म निर्मितीचा वर्ग सुरू होतो, तेव्हा कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात झालेले असतात. (हिवाळ्यात इथली घड्याळं तासभर मागे घेतात, मग साडेआठ.) तिकडे मिसळीच्या कटाला उकळी फुटत असते आणि इकडे दिवसभर बँकेत, दवाखान्यात, सॉफ्टवेअर कंपनीत राबून आलेली माणसं ट्रायपॉडचे पाय उघडत असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, सात ते दहा, असे साधारण दहा ते बारा आठवडे. फिल्म, टीव्ही आणि मीडिया निर्मितीच्या या वर्गांबद्दल राजारामपुरीतून, शाहूपुरीतून, कळंब्यातून विचारणा होते ती एकच: हे करण्यासारखं आहे का? आहे. पण कशासाठी जायचं ते आधी ठरवलं तरच.

आधी फी आणि व्हिसाचं सांगतो. वर्ग दोन ठिकाणी चालतात. एक म्हणजे विद्यापीठाचा एक्स्टेन्शन विभाग, म्हणजे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीची शाखा. यूसीएलए एक्स्टेन्शन हे त्यातलं मोठं नाव, १९१७ पासूनचं. बहुतेक वर्गांना प्रवेश परीक्षा नसते. शिकवणारी बरीच मंडळी दिवसा याच धंद्यात काम करतात. दुसरं ठिकाण कम्युनिटी कॉलेज, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात तर तिथे एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा वर्ग १३८ डॉलरला, वर किरकोळ शुल्कं. रहिवासी नसाल तर कित्येक पट जास्त. एक्स्टेन्शन त्या १३८ डॉलरपेक्षा बरंच महाग पडतं, आणि तिथलं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मुलाकडे किंवा मुलीकडे पर्यटक व्हिसावर आलेल्यांना सर्टिफिकेटच्या अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पूर्णवेळ शिक्षणाची अट असते, एका संध्याकाळच्या वर्गाने ती भागत नाही. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) वाल्यांना शिकायला आडकाठी नाही. मात्र एच-१बी वाल्याला आपल्या कंपनीबाहेरचं आणि वर्क परमिट नसलेल्या एच-४ वाल्याला कुठलंच पैशाचं काम करता येत नाही. वर्गमित्राच्या शूटिंगला बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरल्याचे शंभर डॉलरसुद्धा घेऊ नका.

आता मुद्द्याचं. कॅमेऱ्याचा मेनू, फोकल लेंथ, एडिटिंगचे शॉर्टकट हे सगळं घरबसल्या येतं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंत एक्सपोर्ट देते, सरावाला तेवढं भरपूर झालं. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला, त्या गावाहून कॅमेरा शिकायला इतक्या लांब येण्याची गरज नाही. वर्गाला जायचं ते आवाजासाठी आणि सेटच्या शिस्तीसाठी. या दोन गोष्टी एकट्याने शिकता येत नाहीत; त्यासाठी चार-पाच माणसं एकमेकांच्या अंगावर पडत काम करायला लागतात.

बूम धरणं हे सगळ्यांत कमी लेखलं जाणारं काम. शॉटगन माइक (रोखलेल्या दिशेचाच आवाज जास्त टिपणारा) बोलणाऱ्याच्या डोक्याच्या वर, किंचित पुढे, तोंडापासून दीड ते दोन फुटांवर हवा आणि त्याचं टोक तोंड-छातीच्या रोखाने. आधी कॅमेरावाल्याला फ्रेम लावू द्यायची, मग माइक फ्रेममध्ये दिसेपर्यंत खाली आणायचा आणि दिसला की चार बोटं वर घ्यायचा. नवखा माणूस फ्रेममध्ये येण्याच्या भीतीने माइक हमखास लांब ठेवतो, आणि सगळं तिथेच बिघडतं. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, वाढवला तर घुमाराही सोबत चढतो. नंतर सॉफ्टवेअरने तो थोडा कमी होतो, पण संवाद पोकळ लागतो. हात कोपरात वाकवू नका. दोन्ही हात डोक्यावर सरळ ठेवले की भार हाडांवर येतो आणि चार मिनिटांचा टेक निभतो. बोटातल्या अंगठ्या काढून ठेवा, दांड्यावर घासलेली अंगठी माइकला ऐकू जाते.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. साधं बोलणं उणे २० ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान खेळतं ठेवा. तालमीत नट दबक्या आवाजात बोलतो आणि टेकला चढतो, त्यामुळे वर जागा सोडलेलीच बरी. शून्याला भिडलेला आवाज फाटतो, आणि तो शिवता येत नाही. कॉलर माइक हनवटीखाली एक वीत, छातीच्या मधोमध. रेशमी साडी आणि कडक खळीचा सदरा खसखसतात, तिथे माइकच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून कापड घट्ट धरून ठेवावं लागतं. फेटा असेल तर माइक फेट्याच्या कडेला, कपाळाजवळ लपतो. तिथे कापड घासत नाही.

शॉट संपला म्हणून लगेच सामान आवरायचं नाही. सगळे जागच्या जागी, दिवे चालू, कुणी हलायचं नाही, आणि ३० ते ६० सेकंद त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. हा रूम टोन. दोन टेकमधले तुकडे जोडताना मध्ये जी फट पडते ती यानेच भरते. एकदम मुकी फट ठेवली तर खड्ड्यात पाय गेल्यासारखी कानाला जाणवते. शूटिंगच्या आधी फ्रिज बंद करून गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे फ्रिज सुरू केल्याशिवाय कुणी घरी जात नाही. इथली ही सवय तिकडे जशीच्या तशी उचला. शिवाय आपल्या घरात पंखा असतो, आणि पाण्याची मोटर. मोटर किती वाजता लावतात ते घरच्या माणसांना आदल्या दिवशीच विचारा.

सेटवर आधी साउंड सुरू होतो. साउंडवाल्याने ‘स्पीड’ (रेकॉर्डिंग सुरू झालं) म्हटल्यावर कॅमेरा, मग शॉटचा नंबर लिहिलेली, टाळीसारखी वाजणारी पाटी, मग अ‍ॅक्शन. फिल्मचा फूट न् फूट महाग होता तेव्हा हा क्रम पडला आणि आजही उपयोगी आहे. अमेरिकेत शॉटना इंग्रजी अक्षरं देतात, त्यातली आय आणि ओ वगळतात, कारण पाटीवर ती एक आणि शून्यासारखी दिसतात. सुरुवातीला पाटी चुकली तर टेकच्या शेवटी ती उलटी धरून वाजवायची. सी-स्टँडचा (दिवे-पडदे धरणाऱ्या तीन पायांच्या स्टँडचा) सर्वांत उंच पाय वजनाच्या दिशेला आणि वाळूची पिशवी त्याच पायावर, जमिनीला न टेकता. वजनाच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि आडवा दांडा स्टँडच्या उजव्या अंगाला घ्यायचा, म्हणजे वजनाने पकड आवळत जाते. डाव्या अंगाला घेतला तर ती सुटत जाते आणि दिवा हळूहळू नटाच्या डोक्यावर उतरतो. हे पहिल्याच संध्याकाळी विचारून, स्वतः लावून, कुणाला तरी दाखवून घ्या.

रस्त्यावर शूटिंग करायचं तर शहरात फिल्मएलए या परवाना देणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो आणि दायित्व विमा (दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) लागतो. विद्यार्थ्यांना सवलतीचा परवाना आहे. वर्गाच्या विम्यात तुमचं नाव येतं का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. दहाव्या आठवड्यात विचारून उपयोग नाही. भाड्याचं सामान शुक्रवारी उचलून सोमवारी सकाळी परत केलं तर बऱ्याच दुकानांत एकाच दिवसाचं भाडं पडतं, म्हणून वर्गाची शूटिंग शनिवार-रविवारी होतात.

डेटाच्या बाबतीत हयगय नको. १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलेलं ४के तासाला ४५ गिगाबाइट जागा खातं, म्हणजे ६४ च्या कार्डावर जेमतेम एक तास पंचवीस मिनिटं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॉपी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, कॉम्प्युटरवर नाही. मोरेवाडीच्या चित्रनगरीत काम करा नाहीतर घराच्या गच्चीवर, हा नियम एकच.

इथे शिकलेलं कोल्हापूरला नेताना काही गोष्टी मात्र उलटतात. पहिली वीज. इथे घरात १२० व्होल्ट, १५ अ‍ॅम्पिअरचं सर्किट म्हणजे १८०० वॉट. हजार वॉटचे दोन दिवे एकाच सर्किटवर लावले की फ्यूज पडतो. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि १६ अ‍ॅम्पिअरचा पॉइंट, म्हणजे ३६८० वॉट. इथून आणलेला १२० व्होल्टचा बल्ब तिथे लावताच उडतो. पिनांचा कन्व्हर्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० असं छापलेले एलईडी मात्र चालतात.

दुसरी गोष्ट पटकथेची. कुरियर टाइपात १२ पॉइंटने लिहिलेलं एक पान म्हणजे एक मिनिट, हा इथला हिशेब देवनागरी पानाला लागू पडत नाही. संवाद मोठ्याने वाचा, हालचालींसकट, आणि घड्याळ लावा. तिसरी, राहिलेले शॉट. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना सूर्याची तिरीप दिवसागणिक कशी सरकते हे वेगळं सांगायला नको. तीन आठवड्यांनी त्याच खिडकीत त्याच वेळी गेलात तरी उजेड जुळत नाही.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो फ्रेम रेटचा. इथे वर्गात सेकंदाला २३.९७६, म्हणजे जवळजवळ २४, फ्रेम शिकवतात आणि शटर १८० अंश, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा निम्मा वेळ उघडं. इथली वीज ६० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १२० वेळा कमी-जास्त होतो, म्हणजे २४ फ्रेमच्या हिशेबाने प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर पाच ठोके येतात आणि चित्र स्थिर राहतं. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे १०० ठोके. त्यांना २४ ने भाग जात नाही, म्हणून ट्यूबलाइटखाली चित्र धडधडतं. उपाय दोन: २५ फ्रेम आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, किंवा २४ वरच राहायचं असेल तर शटर १७२.८ अंश, तोही पन्नासावाच भाग होतो. आणि रिझॉल्व्हमध्ये क्लिप आत घेण्याआधीच टाइमलाइनचा फ्रेम रेट ठरवा, कारण नंतर तो बदलणं अडचणीचं होतं. स्वस्त एलईडी आणि डिमरवरचे दिवे याही हिशेबात बसत नाहीत. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हाच तिथले दिवे लावून एका पांढऱ्या भिंतीचं दहा सेकंद रेकॉर्डिंग करा आणि ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर नाही, घरी टीव्हीवर लावून बघा.