पार्लरपासून एक्सबॉक्सपर्यंत: आमची वाटचाल

भुसावळला २००८ साली मी दहा बाय बाराच्या गाळ्यात गेम पार्लर टाकलं. चार डबा टीव्ही, चार सेकंडहँड प्लेस्टेशन २, तासाला वीस रुपये. शेजारच्या चहावाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काय भो, पोरं बिघडवायचं दुकान का?" पुढं त्याचीच दोन्ही पोरं माझी पक्की गिऱ्हाइकं झाली.

आमच्या गेम बनवायच्या कंपनीची नोंदणी २०१७ ची, पण मी सुरुवात त्या गाळ्यापासूनच धरतो. खेळ कुठं तुटतो, हे मी आठ वर्षं काउंटरमागे बसून पाहिलं. पोरगं जोशात उभं राहिलं की कंट्रोलरची वायर निसटायची आणि पडद्यावर त्याचा माणूस मार खात राहायचा. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं, पण बत्ती आपल्याच मर्जीनं जायची. मेमरी कार्डवर सेव्ह न केलेला डाव गेला की पोरं पैसे परत मागायला हजर. जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा कापल्या जायच्या, त्यामुळं कोपऱ्यातला स्कोअर अर्धाच दिसायचा.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि दिवाळीपर्यंत पार्लरमध्ये मीच एकटा खेळत होतो.

मग माझी धाकटी बहीण, जी चित्रं काढते, आणि पुण्याची नोकरी सोडून आलेला एक कॉलेजमित्र, असे आम्ही तिघं बसलो. दोन वर्षं नुसती दुसऱ्यांचीच कामं केली. क्लासवाल्यांची प्रश्नमंजुषा, एका बियाणेवाल्यासाठी बोंडअळी मारायचा मोबाइल गेम. त्यातल्या एकाकडून पैसे अजून यायचे आहेत, त्यावर जास्त बोलत नाही.

स्वतःचा गेम सुचला तो मामांच्या केळीच्या बागेत, सावद्याजवळ. मामा जुन्या गोष्टी सांगत होते. सावदा स्टेशनात वॅगन लागली की हमालांची कशी धांदल उडायची, घड कसे रचायचे, मध्ये केळीची पानं कशी घालायची, आणि एखादा पिकलेला घड चुकून आत गेला तर दिल्लीपर्यंत शेजारचेही कसे पिकायचे. पिकलेल्या केळीतून इथिलीन वायू सुटतो आणि तो बाजूच्या कच्च्या केळीला पिकवतो. मित्र म्हणाला, "अरे, हा तर तयार नियम आहे." आमचा गेम तोच. वॅगन भरायची, गाडी सुटायच्या आत, पिकलेल्या घडाला बाकीच्यांपासून लांब ठेवून.

२०२१ मध्ये तो शंभर डॉलर भरून स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, टाकला. ठीकठाक चालला. पण माझ्या डोक्यात टीव्हीसमोर बसलेली पोरंच होती.

एक काळ असा होता की मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या, मुख्य ऑनलाइन दुकानात आपला गेम लावायला मध्ये प्रकाशक लागायचाच. हौशी लोकांसाठी २००८ मध्ये वेगळा कोपरा निघाला होता, पण तो कोपराच. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं छोट्या गेमवाल्यांसाठी आयडी ॲट एक्सबॉक्स ही योजना जाहीर केली, सोनीनंही प्लेस्टेशन ४ साठी छोट्यांना दार उघडलं, आणि गेम बनवणाऱ्यानं स्वतःच प्रकाशक व्हायची सोय झाली. भुसावळात बसून हे कळायला आम्हाला आठ-नऊ वर्षं लागली, हा भाग वेगळा.

सुरुवात एका सेकंडहँड एक्सबॉक्स वनवर केली. दुकानातला साधा कन्सोलही डेव्हलपर मोडमध्ये, म्हणजे आपला गेम चालवून बघायच्या अवस्थेत, नेता येतो. नोंदणीची फी तेव्हा एकदाच भरावी लागली. त्या मोडमध्ये विकतचे गेम चालत नाहीत, म्हणून भाचा आठवडाभर आमच्यावर रुसला होता. क्रिएटर्स प्रोग्रॅम नावाचा सोपा रस्ता होता. त्यात आधी संकल्पना मंजूर करून घ्यावी लागत नव्हती, पण अचिव्हमेंट, म्हणजे खेळाडूला मिळणारे बिल्ले, मिळत नव्हते आणि गेम दुकानात वेगळ्या कप्प्यात बसायचा. बहीण म्हणाली, "बाजारात माल न्यायचा तर मागच्या गल्लीत कशाला?" म्हणून आयडी ॲट एक्सबॉक्सला अर्ज केला. खेळ काय, कोणासाठी, तुम्ही कोण, सगळं लिहून दिलं, व्हिडिओ पाठवला. संकल्पना मंजूर झाली त्या दिवशी शेवभाजी मागवली आणि आता झालंच असं आम्हाला वाटलं.

मग आलं सर्टिफिकेशन, म्हणजे गेम दुकानात लागण्याआधीची मायक्रोसॉफ्टची तपासणी. गेम मजेदार आहे का, हे तिथं कोणी विचारत नाही. टीव्हीपुढचा माणूस काहीही करो, तुमचा गेम शहाण्यासारखा वागतो का, एवढंच बघतात. पहिल्याच फेरीत नापास झालो. कारण वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो: नियम क्रमांक ११५. कंट्रोलर तुटला तर गेम थांबत नाही, परत जोडायला सांगत नाही. आठ वर्षं वायर निसटताना मी पाहिली, पोरांची भांडणं सोडवली, आणि स्वतःच्या गेममध्ये तेच विसरलो. पीसीवर कीबोर्ड कधी निसटत नाही ना.

दुसरी चूक आम्हीच पकडली, तीही योगायोगानं. मे महिना होता, दिवसा पंचेचाळीसच्या वर पारा, म्हणून काम रात्री करायचो. एका पहाटे मित्रानं गेम अर्धवट सोडून कन्सोल तसाच झोपवला. दुपारी उघडला तर वॅगनमधली सगळी केळी काळी ठिक्कर. केळी पिकायचा वेळ आम्ही कन्सोलच्या घड्याळावर मोजत होतो. गेम गोठवलेला असतो तेव्हाही घड्याळ चालूच असतं, त्यामुळं गेमच्या हिशोबानं आमची वॅगन दहा तास उन्हात उभी होती. वेळ गेमच्या आतल्या टिकटिकीवर मोजायला लागल्यावर ते मिटलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबरच केलं होतं तुम्ही. खरी केळी थांबते का?"

सेव्हच्या बाबतीत मात्र आम्ही पहिल्यापासून पक्के. इन्व्हर्टर बंद करून, बोर्डाचा पिन ओढून, सेव्ह होत असतानाच ओढून, सगळं करून पाहिलं होतं. आधी नवी फाइल पूर्ण लिहायची आणि मगच जुनी टाकायची, हा नियम ठेवला. तो धडा महावितरणचा.

गेम कुठल्या वयाला चालेल त्या रेटिंगसाठी आयएआरसी या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची प्रश्नावली भरावी लागते. ती फुकट आहे आणि एकाच फॉर्मवर वेगवेगळ्या देशांची रेटिंग मिळतात. हिंसा नाही, जुगार नाही, असं टिकटिक करत गेलो, आणि तंबाखूच्या प्रश्नावर थांबलो. आमचा हमाल रिकामा असला की तंबाखू मळायचा. बहिणीनं ते चलतचित्र चार दिवस खपून केलं होतं, चुना लावण्यासकट. केळीच्या गेमवर तंबाखूचा शिक्का नको म्हणून शेवटी हमालाच्या हातात चहाची बशी दिली. तिला ते अजून पटलेलं नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही.

गेम मराठीतही हवा होता. आम्ही युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरतो, आणि त्याची अक्षरं लिहायची नेहमीची सोय देवनागरीची मांडणी करत नाही. 'किती' लिहिलं की पहिली वेलांटी क च्या मागून उगवते, 'रस्ता' मधला अर्धा स पाय मोडून उभा राहतो. शेवटी बहिणीनं प्रत्येक मराठी पाटी चित्र म्हणून काढली. एक शब्द बदलायचा तर नवं चित्र. म्हणून आमच्या गेममध्ये शब्द कमी आहेत. समीक्षकांनी त्याला साधेपणा म्हटलं.

तिसऱ्या फेरीत पास झालो आणि २०२३ च्या उन्हाळ्यात गेम एक्सबॉक्सवर आला. विक्रीतले तीस टक्के दुकानाचे. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापतात. डब्ल्यू-८ हा तिथला कराचा फॉर्म भरून भारत-अमेरिका कर-कराराचा आधार घेतला नाही तर रॉयल्टीवर तीस टक्के, घेतला तर पंधरा. आमचे सीए जिनिंग मिल आणि सराफांची खाती बघणारे. त्यांनी आधी विचारलं, "माल कुठल्या बंदरातून जातो?" पण माणूस जिद्दी. निर्यातीवर जीएसटी लागू नये म्हणून एलयूटी, म्हणजे हमीपत्र, कसं द्यायचं आणि तिकडे कापलेल्या कराची वजावट इथं कशी घ्यायची, हे त्यांनी आठवड्यात शिकून घेतलं. बँकेत मात्र पहिली रक्कम पंधरा दिवस अडकली. पैसे कशाचे आले ते सांगणारा परपज कोड काय टाकायचा, ते तिथं कोणालाच ठरवता येईना.

पहिल्या तिमाहीच्या हिशोबात तिघांचा दोन महिन्यांचा पगार निघाला. श्रीमंत झालो नाही, पण बियाणेवाल्यांची कामं घेणं थांबलं.

त्याच सप्टेंबरात युनिटीनं दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं. आमच्याएवढ्या विक्रीला ते लागू होत नव्हतं, तरी झोप उडाली. वर्षभरानं त्यांनी ते मागे घेतलं. तोवर मित्रानं गोडो हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर शिकून ठेवलं होतं. ते फुकट आणि खुलं आहे, पण कन्सोलवाल्यांचं तंत्र गुप्ततेच्या करारात असल्यानं खुल्या कोडमध्ये घालता येत नाही. कन्सोलवर न्यायला तिसऱ्याची मदत घ्यावी लागते, म्हणून सध्या आहोत तिथंच आहोत.

आता दुसरा गेम चालू आहे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्याचा. दोघांनी खेळायचा, एकानं झोका द्यायचा, दुसऱ्यानं बसायचं. यावेळी पहिल्याच आठवड्यात मी मित्राला खुर्चीतून उठवलं आणि चालू खेळात कंट्रोलरची बॅटरी काढायला लावली. झोका हवेतच थांबला, पाटी आली. पाटीतली वेलांटी चुकली आहे, ती बहीण उद्या काढून देणार आहे.